टोलेडोची रेपियर घ्यावी का? (दिवाणखान्यात लावायला)

खाडीकाठ

मंडळी, सल्ला हवाय. मेहुणा पुढच्या महिन्यात स्पेनला चाललाय, त्यात एक दिवस टोलेडो आहे. तिथल्या एका दुकानाच्या साइटवर रेपियर, म्हणजे युरोपातली लांब, सरळ, अरुंद पात्याची तलवार, हेरून ठेवली आहे. मुठीला नक्षीची जाळीदार वाटी, पात्यावर ‘टोलेडो’ कोरलेलं आणि खाली लिहिलंय, ‘१५५० सालच्या मूळ तलवारीची हुबेहूब प्रतिकृती’. स्टेनलेस स्टील, वजन १.७ किलो, किंमत १९० युरो. बायको म्हणते, एवढ्यात नवीन मिक्सर आणि शेगडी दोन्ही येतील.

प्रश्न असे: इतक्या नाजूक तलवारीने खरंच द्वंद्वं व्हायची, की तो सगळा सिनेमावाल्यांचा मसाला? आणि ही वस्तू पैसे टाकण्यालायक आहे का? भिंतीवर लावायची आहे, पण हातात घेतल्यावर खोटी वाटू नये एवढीच इच्छा.

लोहारआळी

माझं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये गेलं. आता मुलाकडे ड्युसेलडॉर्फला असलो की जवळच्या झोलिंगेन या तलवारी-सुऱ्यांच्या गावात, तिथल्या पात्यांच्या संग्रहालयात जाऊन तासन्‌तास काचेला नाक लावतो. म्हणून जरा हक्काने लिहितो.

आधी ते ‘नाजूक’ डोक्यातून काढा. सिनेमात दिसते ती बरीचशी आजच्या तलवारबाजीच्या खेळातली हलकी, लवचीक फॉइल. खरी रेपियर साधारण १ ते १.४ किलोची, पातं मीटरभर किंवा त्याहून लांब. पात्यांची लांबी इतकी वाढत गेली की इंग्लंडात पहिल्या एलिझाबेथ राणीला फर्मान काढून तिच्यावर मर्यादा घालावी लागली. लढायची रीत मुख्यतः भोसकण्याची, डाव्या हातात बहुतेकदा कट्यार. या भोसकण्यामागे हिशेब होता. १५५३ साली रोममध्ये कामिल्लो अग्रिप्पाने तलवारबाजीवर ग्रंथ छापला. तो काही पेशाने वस्ताद नव्हता, आपल्यासारखाच इंजिनिअर. त्याने हात, पाय आणि पातं यांची भूमिती मांडली आणि मुळात चारच पवित्रे ठेवले: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. आकृत्या बघितल्या की ड्रॉइंग ऑफिसात बसल्यासारखं वाटतं.

आता तुमच्या वस्तूकडे. वाटीची मूठ आली सतराव्या शतकात, १६३०च्या आसपास. १५५० सालच्या तलवारीला ती असणं शक्य नाही. तेव्हा सळया वळवून केलेल्या मुठी होत्या. म्हणजे ‘हुबेहूब’ तिथेच निकालात निघालं.

‘टोलेडो’ या नावालाही भुलू नका. झोलिंगेनच्या लोहारांनी त्या काळीच आपल्या पात्यांवर टोलेडोच्या नामांकित कारागिरांची नावं ठोकून माल विकला. जर्मनीतल्याच पासाऊ गावचा लांडग्याचा शिक्का होता, तोही त्यांनी बिनदिक्कत उचलला. संग्रहालयात ती पाती बघताना मला तर हसूच येतं, चाकणच्या एमआयडीसीत यापेक्षा वेगळं काय चालतं! पण पोलाद मात्र अव्वल हो. नाव चोरीचं, काम स्वतःचं.

तेव्हा नाव, नक्षी, मूठ सगळं बाजूला ठेवा आणि पात्याची जाडी बघा. स्वस्त प्रतिकृतीत पातं एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेलं असतं. मुठीपाशी ५ मिलीमीटर तर टोकापाशीही जवळजवळ तेवढंच. अस्सल पातं मुठीपाशी जाड आणि पुढे पातळ होत जातं. यानेच तोल मुठीकडे येतो. पातं आडवं करून बोटावर तोला: मुठीच्या आडव्या दांडीपासून साधारण चार बोटांवर तोललं तर ठीक. हात-दीड हात पुढे गेलं, तर समजा हातात पहार धरलीय. ती १.७ किलो नुसती जड आहे म्हणून वाईट नाही, ते वजन कुठे बसलंय ते बघायचं.

तांबडा रस्सा

वा, दादा! मी फक्त मसाल्याच्या प्रश्नावर लिहितो.

द्वंद्वं व्हायची आणि फार घाण व्हायची. २७ एप्रिल १५७८, पॅरिस, बास्तीलजवळचा घोडेबाजार. तिसऱ्या हेन्री राजाच्या मर्जीतला केलूस आणि समोर आंत्राग, प्रत्येकाबरोबर दोन-दोन साथीदार. साथीदारांनी नुसतं उभं राहायचं होतं, पण तेही एकमेकांवर तुटून पडले. मोजिरों आणि शोंबर्ग जागीच गेले, रिबेराक दुसऱ्या दिवशी. केलूस कट्यार घरीच विसरून आला होता. त्याने तक्रार केली तेव्हा आंत्राग म्हणाला, तुझाच मूर्खपणा. अंगावर १९ जखमा घेऊन केलूस महिनाभर तळमळला आणि मेला. आंत्राग जवळजवळ कोरा सुटला.

सिनेमात टोक घुसलं की माणूस गपकन पडतो. खरं तर भोसकलेला माणूस तेवढ्या वेळात समोरच्यालाही भोसकून मोकळा होई. १५९९ साली जॉर्ज सिल्व्हर नावाच्या इंग्रजाने यावरच इटालियन वस्तादांना छापील शिव्या घातल्यात.

फ्रान्समध्ये सरदार असे एकमेकांना खलास करत राहिले, तेव्हा राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याने १६२६ मध्ये कडक फर्मान काढलं. बुतव्हिल नावाच्या सरदाराने पुढच्याच वर्षी मुद्दाम पॅरिसच्या भर चौकात, दिवसाढवळ्या द्वंद्व केलं. जूनमध्ये त्याचं मुंडकं उडवलं.

पेडणेकर

विषय युरोपचा आहे, पण आपल्याकडची एक बाब राहू नये. युरोपातली पाती पोर्तुगीज काळात इकडे भरपूर उतरली आणि मराठ्यांनी ती आपल्या मुठीत बसवली. तीच आपली फिरंग. रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून आणली, तिचं पातंही युरोपी बनावटीचं आणि पाठीवर सोन्याच्या अक्षरांत देवनागरी लेख. मात्र फिरंग म्हणजे रेपियर नव्हे. घोड्यावरून वार करायचं रुंद पातं ते, त्याला रेपियरची सुई चालली नसती.

खाडीकाठ, खरोखर संग्रह सुरू करायचा असेल तर टोलेडोआधी डेहराडूनचं नाव ऐका. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कितीतरी प्रतिकृती तिथे बनतात.

खाडीकाठ

सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. लोहारआळीकाका, मग स्टेनलेस नकोच का? ठाण्याची हवा तुम्हाला ठाऊक आहे, खिळासुद्धा पावसाळ्यात तांबडा होतो. आणि आणताना काही लफडं?

लोहारआळी

भिंतीवरून कधी उतरणार नसेल तर स्टेनलेस चालेल, पुसायची कटकट नाही. पण नातेवाईक आले की कोणीतरी उतरवणार, फिरवणार आणि दाराच्या चौकटीवर आपटणार. शोभेचं लांब स्टेनलेस पातं आपटलं तर तुटू शकतं, आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल ते देव जाणे. हातात घ्यायची असेल तर स्प्रिंग स्टील. ट्रकच्या पाट्याला लागतं त्या जातीचं, वाकून परत सरळ होणारं. महिन्यातून एकदा मऊ फडक्याने मशीन ऑइलचा पातळ हात फिरवायचा, पावसाळ्यात जरा जास्त वेळा. खोबरेल लावू नका, चिकट थर बसतो. आणि म्यानात ठेवायची नाही, चामडं ओल धरतं.

दुकानात मेहुण्याला एवढंच विचारायला सांगा: पात्याचा मुठीत जाणारा भाग पात्याचाच आहे, की बारीक सळई वेल्ड केलीय? दुकानदार गुळमुळीत बोलला तर मेहुण्याने मूठ घट्ट धरून पात्यावर तळहाताने थाप मारावी. मुठीत खुळखुळ ऐकू आली तर नमस्कार करून बाहेर पडायचं. जवळ व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) असेल तर पातं तीन जागी मोजावं, मुठीशी, मध्ये आणि टोकाशी.

आणायचं म्हणाल तर केबिनमध्ये अजिबात नाही. शिवाय आपल्या शस्त्र नियमांत पाचव्या वर्गात तलवारीचं नाव सरळ लिहिलेलं आहे. बोथट प्रतिकृतीला कस्टमचा माणूस काय म्हणेल हे त्याच्या मूडवर सोडू नका. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड आणि औरंगाबादला कुरिअरमधून आलेल्या तलवारी पकडल्या, तेव्हापासून पोलीसही डोळे वटारून असतात. पैसे देण्याआधी तुमच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. ‘धार नाही’ असं बिलावर स्पष्ट लिहून घेतलं तर उत्तम.

खाडीकाठ

मेहुण्याला व्हर्नियर न्यायला सांगितलं. तो म्हणतो, मी हनिमूनला चाललोय.