ड्रायर नुसता घुंऽऽ करतोय, घरात तान्हं बाळ आहे

फौंड्रीवाला:
मशीन सेमी ऑटोमॅटिक, सात वर्षांचं. धुवायची बाजू टकाटक. ड्रायरचा टायमर फिरवला की मात्र नुसतं घुंऽऽ. परवापर्यंत ड्रम अर्धा वेढा तरी घ्यायचा, कालपासून जागचा हलत नाही. वर रबर जळल्यागत वास.

एरवी पिळून दोरीवर टाकलं असतं. पण घरात दीड महिन्याचं बाळ आहे, दिवसाला वीस-बावीस लंगोट, दुपटी वेगळी. आठ दिवस ऊन नाही. इथं कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांच्या इशाऱ्याला टेकलीय. दोरीवरचं लंगोट दोन दिवसांनी हातात घ्यावं तर गारच. शेवटी आईनं माळ्यावरची शेगडी काढली, वर बुट्टी पालथी घातली आणि तिच्यावर लंगोट. वाळतात, पण बाळासकट सगळ्या घराला धुराचा वास, बायकोचे डोळे लाल, आणि काल एका दुपट्याला रुपयाएवढं भोक पडलं.

मेकॅनिक येऊन गेला. टायमर फिरवला, कान लावला, "मोटार गेली, 2400." मागचं झाकण उघडलंसुद्धा नाही. म्हणून राग आलाय. मी पॅटर्न शॉपला असतो, पाना-पक्कड हातातलीच आहे. करंटचं तेवढं भ्या वाटतं. कुठून सुरू करू?

तालमीतला:
मर्दा, मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर उडालाय. शंभर-सव्वाशेचं काम. डोळे झाकून बदल.
बाकी तुझ्या घरात जाळ आणि धूर संगटच चाललाय म्हणायचा.

वाइंडिंगवाले काका:
डोळे झाकून काही बदलू नका. उद्यमनगरात तीस वर्षं मोटारी भरतोय, चांगल्या मोटारी भंगारात जाताना बघितल्यात.

आधी प्लग काढा. बटण बंद करून चालणार नाही, प्लगच काढा. मागचं झाकण उघडा. ड्रायरच्या मोटारीचा कंडेन्सर बहुतेक 4 किंवा 5 एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरडचा असतो, धुवायच्या मोटारीचा मोठा, त्यामुळे गल्लत होत नाही. त्याच्यात करंट साठलेला असू शकतो. बल्ब लावलेल्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा, मग हात लावा.

आता ड्रायरचं वरचं झाकण बंद ठेवून खालून मोटार आणि ड्रम जोडणारं कपलिंग हातानं फिरवा. बोटाच्या धक्क्यानं गरगरलं तर कंडेन्सर किंवा वाइंडिंगचा, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीचा, संशय. जड गेलं तर मोटारीला दोष देऊ नका, कुणीतरी तिला धरून ठेवलंय. रबराचा वास येतोय म्हणता, म्हणजे माझा डोळा ब्रेकवर आहे.

वरच्या झाकणापासून एक तार खाली ब्रेकच्या पट्टीला जाते. झाकण बंद केलं की तार ओढली जाते आणि ब्रेकचं रबर कपलिंगच्या चाकापासून सुटतं. उघडलं की तार सैल पडते, स्प्रिंग रबर चाकावर दाबते. वर्षानुवर्षं ओढून तार लांबते. मग झाकण बंद असूनही रबर पुरतं सुटत नाही.

तपासून होईस्तोवर घुंऽऽ करत ठेवू नका. अडकलेली मोटार खरोखर जळू शकते, आणि तो मेकॅनिक खरा ठरेल.

शाहूपुरीची वहिनी:
दादा, ड्रमच्या बाहेरच्या फटीत टॉर्च मारून बघा. आमच्याकडे बाळाचं टोपडं तिथं जाऊन बसलं होतं. कपड्यांवर ठेवायची ती गोल प्लास्टिकची चकती आपण कंटाळा करून ठेवत नाही, तिथूनच बारकी कापडं उडतात. लंगोट जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून फिरवा.

फौंड्रीवाला:
काका, खरं सांगतो, तुमचं वाचायच्या आधीच कंडेन्सर आणला होता. 110 रुपये. बसवला, घुंऽऽ तसंच. पैलवान, ते 110 तुझ्या नावावर मांडलेत.

मग तुम्ही सांगितलं तसं केलं. झाकण बंद ठेवून कपलिंग फिरवलं तर दोन्ही हातांनी जेमतेम हललं. बॅटरी मारून बघितलं, ब्रेकचं रबर चाकाला चिकटून घासलेलं, खाली पेन्सिलीच्या शिसाची पूड सांडावी तशी काळी भुकटी. तार सैल, तिच्या आकड्याजवळ तीन-चार धागे तुटलेले. तूर्त आकडा पट्टीच्या पुढच्या भोकात अडकवला. लगेच चाक मोकळं. फटीत टोपडं नव्हतं, बायकोची एक हेअरपिन मिळाली.

प्लग लावला, टायमर पाच मिनिटांवर. काय पळालं! आई शेगडीपाशी बसली होती ती उठून आली. पिळलेली लंगोटं आता पंख्याखाली तीन-चार तासांत वाळतात.

एक खटकतंय. आधी झाकण उघडलं की ड्रम दोन-तीन वेढ्यांत थांबायचा. आता दहा-बारा घेतो.

वाइंडिंगवाले काका:
तार गरजेपेक्षा जास्त ओढली गेलीय, आता रबर चाकावर पुरतं दाबत नाही. शिवाय ते झिजलंयही. नवी तार आणि ब्रेकचं रबर दोन्ही बदला, तुटक्या धाग्यांची तार फार दिवस टिकणार नाही. तोवर झाकण उघडलं तरी ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय कुणी हात घालू नये. कपडा बोटाला गुंडाळला की बोट जातं, हे मी बघितलंय. घरात सगळ्यांना सांगा.

फौंड्रीवाला:
सांगितलं. झाकणावर खडूनं "थांबल्यावरच" असं लिहूनही ठेवलं. उद्या तार आणि रबर आणतो.
शेगडी मात्र आई माळ्यावर ठेवायला तयार नाही. म्हणते, बाळाला धुरी लागतेच.

तालमीतला:
110 चा तांबडा-पांढरा पाजतो, ये.