विषय: तासगावच्या पुतणीची अध्ययन अक्षमतेसाठी तपासणी

सप्रेम नमस्कार,

माझा धाकटा भाऊ सांगली जिल्ह्यात तासगावला राहतो. त्याची सात वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. पाढे, कविता, गोष्टी ती तोंडी घडाघडा सांगते; परंतु तेच वाचायला दिले की अडखळते आणि फळ्यावरचे उतरवून घेताना अक्षरे गाळते. शाळेने केवळ शिकवणी लावायला सांगितले आहे. इकडे अमेरिकेत आमच्या मुलाच्या वेळी आम्ही लेखी विनंती करून संमतीपत्रावर सही केली आणि पुढची सर्व तपासणी शाळेनेच विनाशुल्क केली. तिकडे सुरुवात कोठून करावी? डिसेंबरच्या सुट्टीत मी तेथे असताना प्रमाणपत्र मिळू शकेल काय?

— एक सभासद, मूळ गाव तासगाव

*

स. न.

मिरजेत विशेष शिक्षिका म्हणून काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहिते. प्रमाणपत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणाऱ्या अडचणीचा) समावेश आहे. परंतु २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यासाठीची प्राथमिक तपासणी (चाळणी) तिसरीच्या वर्गात किंवा वयाच्या आठव्या वर्षी ठेवली होती; २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या, तेव्हा सध्याचा नियम विचारून घ्यावा. मूल्यमापन आणि त्यानंतरचे उपचारात्मक अध्यापन यांना मात्र तोवर थांबण्याचे काहीच कारण नाही, आणि माझ्या मते खरे नुकसान याच थांबण्यात होते.

प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शासकीय व अनुदानित शाळांत जाते. मुलीची शाळा विनाअनुदानित असल्यास त्याची वाट न पाहता सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या बालरोग विभागात चौकशी करावी. खासगी तज्ज्ञ निवडल्यास ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) आहेत ना, हे नोंदणी क्रमांक विचारूनच पाहावे.

आता भाषेचा प्रश्न, ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलीची केवळ इंग्रजीत परीक्षा घेतली, तर तिला वाचता येत नाही की इंग्रजीच पुरेसे कळत नाही, याचा उलगडा होणार नाही. बुद्धिमापन तिला समजणाऱ्या भाषेत आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या दोन्ही भाषांत व्हाव्यात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. मराठीत वेलांटी, रफार, जोडाक्षरे कोठे चुकतात हे पाहावेच, परंतु मुलीला मराठी वाचन मुळात किती शिकवले गेले आहे, हेही तपासणाऱ्याने विचारले पाहिजे. न शिकवलेले न येणे ही अक्षमता नव्हे. अमेरिकेतून चाचण्यांचे संच कृपया नेऊ नयेत, कारण त्यांचे निकष तिकडच्या मुलांवर बेतलेले आहेत.

भेटीला जाताना गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या वह्या आहेत तशाच न्याव्यात; शिकवणीच्या बाईंनी नीटनेटक्या करून घेतलेल्या वह्यांतून काहीच समजत नाही. ‘हिचा बापही उशिराच वाचायला लागला’ असे घरात कोणी म्हणत असेल, तर तेही अवश्य सांगावे, कारण ही अडचण पुष्कळदा कुटुंबात चालत आलेली असते. एकाच बैठकीत बुद्ध्यंकाचा आकडा लिहून दिलेला कागद म्हणजे मूल्यमापन नव्हे. वाचन, शुद्धलेखन, लेखन आणि गणित यांत मूल नेमके कोठे अडते आणि शिक्षिकेने काय करावे, हे अहवालात असायला हवे. या बैठका सकाळी, मूल ताजेतवाने असताना व्हाव्यात. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमींमुळे मुले दमलेली असतात, तेव्हा भावाने आताच सुरुवात केलेली बरी.

*

ताई,

मनःपूर्वक आभार. भाऊ या आठवड्यात कानांची तपासणी करून घेत आहे. आईला मात्र भीती वाटते की मुलीच्या नावावर कायमचा शिक्का बसेल.

*

स. न.

मूल्यमापनाचा अहवाल पालकांच्या हाती येतो आणि त्यांनी स्वतः अर्ज केल्याशिवाय शासकीय प्रमाणपत्र निघत नाही, हे आईंना समजावून सांगावे. २०१८ च्या सूचनांनुसार १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी असे; पुढे अर्ज केलाच, तर तेव्हाचा नियम विचारून घ्यावा. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक घ्यायचा झाल्यास ते प्रमाणपत्र लागेल. सध्या शाळेला अहवालातील केवळ शिफारशींचे पान दिले तरी वर्गशिक्षिकेला काम सुरू करता येईल.