सह्या गोळा करून पंतप्रधान किंवा राष्ट्रपतींवर महाभियोग मागता येतो का? (खानापूर-निपाणी भाग)

खानापूरवाला
अमेरिकेत 2007 साली व्हर्मांट राज्यातल्या कितीतरी गावसभांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश आणि उपाध्यक्ष चेनी यांच्यावर महाभियोग (पदावरून काढण्याची संसदेतली कारवाई) चालवा असे ठराव केले. त्या राज्याच्या सिनेटनेही 16 विरुद्ध 9 मतांनी तसाच ठराव केला. ते वाचून आमच्याकडची (कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातली) काही मुलं म्हणतायत, आपणही ग्रामपंचायतीचा ठराव करूया, सह्या घेऊया, दिल्लीला पाठवूया. महाभियोग नेमका कोणावर चालतो? सह्या कोणाकडे द्यायच्या, मराठीत चालतील का? आणि पंचायतीच्या ठरावाला काही किंमत आहे का? कुठला नेता आणि का, हा वाद इथं नको. पद्धत सांगा फक्त.

शहापूरचा वकील
आधी माणूस कोण ते ठरवा, कारण प्रत्येक पदाची वाट वेगळी.

पंतप्रधानांवर महाभियोग नाहीच. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार, त्यामुळे तिथं अविश्वास ठराव. तो मांडायला 50 खासदार उभे राहावे लागतात आणि परवानगी मिळाल्यापासून 10 दिवसांच्या आत चर्चा घ्यावी लागते. 'पंतप्रधानांवर महाभियोग चालवा' असं निवेदन गेलं तर वाचणारा पहिल्या ओळीलाच बाजूला ठेवेल.

राष्ट्रपतींवर चालतो, कलम 61. कारण एकच, घटनेचा भंग. धोरण पटलं नाही, सही करायला उशीर लावला, हे कारण होत नाही. प्रस्ताव कोणत्याही सभागृहात येऊ शकतो, पण त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी एक चतुर्थांश जणांच्या सह्या आणि 14 दिवसांची नोटीस हवी. लोकसभेत 543 धरले तर 136 सह्या. मंजुरीला एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश, म्हणजे 362. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण सदस्यांच्या. नंतर दुसरं सभागृह आरोपांची चौकशी करतं आणि तिथंही तेवढंच बहुमत लागतं. आजवर एकाही राष्ट्रपतींना असं काढलेलं नाही.

उपराष्ट्रपतींसाठी कलम 67: राज्यसभेत त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने ठराव, मग लोकसभेची संमती. इथंही 14 दिवसांची नोटीस. डिसेंबर 2024 मध्ये विरोधकांनी दिलेली नोटीस उपसभापतींनी फेटाळली. अधिवेशन 20 तारखेला संपणार होतं, नोटीस 10 तारखेला दिलेली. 14 दिवस बसणार कसे? शिवाय उपराष्ट्रपतींचं नाव नीट लिहिलेलं नव्हतं, हाही शेरा मारला गेला. तेव्हा कॅलेंडर आणि शुद्धलेखन दोन्ही बघा.

राज्यपाल हे राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत. तिथं महाभियोग हा शब्दच नाही.

अनगोळकर
सह्यांचं बोलतो. लोकसभेत याचिका देण्याची सोय आहे आणि लोक त्याच्याच मागे लागतात. पण घोडं पेंड खातं ते लोकसभेच्या कामकाजाच्या नियम 160 मध्ये. सभागृहात ठराव किंवा प्रस्ताव आणून जो विषय मांडता येतो, त्यावर जनतेची याचिका घेत नाहीत. महाभियोग हा तसाच प्रस्ताव. म्हणजे गठ्ठा कितीही जाड असला तरी या दारातून परत येणार.

मग सह्या कशासाठी? खासदाराला दाखवायला. नोटीसवर सही करणारा तोच. म्हणून निवेदन 'माननीय खासदार' यांच्या नावे लिहा आणि मागणी अशी ठेवा की 'कलम 61 खालील नोटीसवर आपण सही करावी'. नुसतं 'योग्य ती कारवाई व्हावी' लिहिलं की कारवाई म्हणजे काय हे ठरवायचं काम समोरच्याकडे जातं, आणि तो काहीच ठरवत नाही.

कागदाची रीत मात्र लोकसभेच्या याचिकेचीच पाळा, ती चांगली आहे. मागणीची ओळ सह्यांच्या प्रत्येक पानावर वर छापायची, फक्त पहिल्या पानावर नाही. पूर्ण नाव, गाव, तालुका, सही. अंगठा असेल तर शेजारी नाव. पानांना क्रमांक. एकाच हस्ताक्षरात घरातल्या पाच जणांच्या सह्या दिसल्या की सगळ्या गठ्ठ्यावर संशय येतो. घरोघरी फिरताना हेच जास्त होतं, कारण घरातला एकजण म्हणतो 'द्या, मी सगळ्यांची करतो'. आधारच्या झेरॉक्स मुळीच घेऊ नका. गरज नाही आणि जबाबदारी उगाच तुमच्यावर.

भाषा: घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं, मराठीतही. आपल्या भागात हे कलम माहीत नसलेला कार्यकर्ता विरळाच. पण हक्क वेगळा आणि काम होणं वेगळं. खासदाराच्या कार्यालयात वाचणारा कन्नड किंवा इंग्रजी वाचतो. मूळ मराठी, सोबत दोन्ही भाषांतरं, दोन पानांच्या वर नको. नमनाला घडाभर तेल घालू नका. घटनेचं कोणतं कलम, कोणत्या तारखेच्या कोणत्या कृतीनं मोडलं, पुरावा कोणता, एवढंच.

खानापूरवाला
हे छान झालं. पंचायतीच्या ठरावाचं?

अलतग्याचा
व्हर्मांटवाल्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाच्या जुन्या नियमपुस्तकात, राज्याच्या विधिमंडळाकडून आलेल्या आरोपांवरूनही महाभियोगाची सुरुवात होऊ शकते असं लिहिलंय. त्या एका वाक्यावर मोहीम उभी होती. आणि तरीही व्हर्मांटच्याच विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहानं तो ठराव फेटाळला. आपल्या घटनेत तसलं वाक्य नाही. पंचायतीनं ठराव केला तर तो मत म्हणून वर्तमानपत्रात छापून येईल, संसदेत त्याची नोंद घेण्याचं बंधन कुणावर नाही.

शिवाय ठरावाचा चटका बेळगावला ठाऊक आहे. 2005 मध्ये महापालिकेनं महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला आणि सरकारनं पालिकाच बरखास्त केली. तो विषय वेगळा, पण स्थानिक संस्थेनं आपल्या कामाबाहेरचा ठराव केला की वरून हात पडतो, एवढं त्यावरून कळतं. गावच्या पाण्याची कामं अडकवून घ्यायची का ते बघा की. त्यापेक्षा नागरिकांची जाहीर सभा घ्या, तिचा ठराव करा. पंचायतीचा शिक्का नको.

सभा किंवा मोर्चा असेल तर परवानगी: शहरात पोलीस आयुक्तालय, तालुक्यात स्थानिक ठाण्यातून. अर्जात मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक, जबाबदार माणसाचं नाव-नंबर लिहा आणि प्रतीवर पोच घ्या. तोंडी 'करा' म्हटलं तर त्याला अर्थ नाही. 1 नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव) आसपास आणि सुवर्णसौधमध्ये (बेळगावातलं कर्नाटकचं विधानभवन) अधिवेशन असताना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खालचे (पूर्वीचं 144) मनाई आदेश निघू शकतात. ते दिवस सोडून तारीख धरा. रात्री 10 नंतर माईक बंद.

शहापूरचा वकील
एक भर. मुलांचा रोख न्यायमूर्तींकडे वळला तर जपून. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी लोकसभेचे 100 किंवा राज्यसभेचे 50 खासदार लागतात, मग तिघांची चौकशी समिती. निकालावर टीका चालते, पण फलकावर 'विकला गेलेला' वगैरे लिहिलं की न्यायालयाच्या अवमानाचं प्रकरण. नेत्यांबद्दलही आरोप छापताना कागद हातात हवा, बदनामीचा दावा छापणाऱ्यावरही होतो.

आणि आकड्यांचा अंदाज धरून चला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्ही. रामस्वामी यांच्या वेळी न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीनं बरेच आरोप सिद्ध धरले होते. 1993 मध्ये लोकसभेत बाजूनं 196 मतं, विरोधात एकही नाही, तरी प्रस्ताव पडला. कारण 205 खासदार तटस्थ बसले. न मारलेलं मत विरोधाचंच काम करतं. म्हणून खासदाराकडून 'पाठिंबा आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, 'सही करणार का आणि त्या दिवशी मत देणार का' असं लेखी विचारा.

खानापूरवाला
मग बेळगावच्या खासदारांनाच द्यायचं ना?

अनगोळकर
नाही ओ, इथंच बरेच फसतात. खानापूर विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये येतो, कित्तूरही. निपाणी चिक्कोडीत. बेळगाव शहर, ग्रामीण हे बेळगाव मतदारसंघात. सह्यांच्या पानांचे तालुकावार गठ्ठे करा, ज्या मतदारसंघातल्या सह्या त्याच खासदाराला द्या. आपले मतदार नसलेल्यांच्या सह्यांकडे कोण बघतो? राज्यसभेच्या खासदारांना वेगळी प्रत, त्यांच्यासाठी सगळे गठ्ठे चालतील. स्पीड पोस्टाची पावती आणि सह्यांच्या पानांचे फोटो आपल्याकडे ठेवा. मूळ पानं हाती देताना पोच न घेता देऊ नका.