अनुभव धागा: तुमच्या परसातल्या कोंबड्या

उंबरा (सातारा)
पाच वर्षांपूर्वी आठवडी बाजारातून तीन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या आणल्या, अंड्यांसाठी. आता एकच उरलीय, जाडी. वर्ष होत आलं, तिचं अंडं नाही. तरी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन भाकरीसाठी चोच आपटते. गेल्या आठवड्यात हळदीचा अख्खा वाफा उकरला आणि त्याच मातीत पंख पसरून धुळीची आंघोळ केली. सासूबाई म्हणाल्या, "रविवारी बघते हिच्याकडे." पण पहिला तुकडा त्याच टाकतात!
तुमच्याकडे काय चालतं? फार्मचा हिशेब नको, घरचं लिहा. आणि म्हाताऱ्या कोंबडीचं काय करता, तेही.

माडाखाली (मालवणजवळ)
ताई, आमच्याकडे यंदा एक खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. जागची हलेना, हात नेला की फुगून टोचायची. म्हटलं बस बाई. आईच्या नियमाने विषम, म्हणजे अकरा अंडी ठेवली. आठव्या रात्री काळोखात एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. आत लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं आणि मधे हलणारा ठिपका. तीन अंडी नुसती पिवळट, ती काढली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं. डालग्याखालून बाहेर सोडली त्याच दिवशी घारीने एक उचललं. मुंगसाने दोन. उरलेली पाच आता खुराड्यात नाही, फणसावर झोपतात.

तिसरी गल्ली (पुणे)
आमचा अनुभव कोंबड्याचा. चार पिल्लं आणली, त्यातलं एक तुरेवालं निघालं. पहाटे साडेतीनला आरवायचं. शेजारचे काका दोनदा येऊन गेले. मग रात्री त्याला बाथरूममध्ये ठेवलं, खिडकीला जाड चादर. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे ठाऊक होतं. झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही, हे तेव्हा कळलं. बाथरूममध्ये आवाज उलट घुमला. पुढे वाचनात आलं की 2013 साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, तरी ते पहाटेच्या अंदाजाने आरवतच राहिले. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. आमचा आता मामांच्या शेतावर आहे.

धाब्याचं घर (लातूर)
गोड गोड वाचून झालं असेल तर हेही लिहितो. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांत नऊपैकी सात गेल्या. हिरवट हगवण, मग मान पिळवटून पाठीकडे. आमच्यात मानमोडी म्हणतात, डॉक्टर राणीखेत म्हणाले. लस दिलेली नव्हती, चूक माझीच. बाजारातून आणलेली नवी कोंबडी वेगळी न ठेवता थेट जुन्यांत सोडली, हीसुद्धा. खोल खड्डा करून चुना टाकून पुरल्या. आता पिल्लाला पहिल्याच आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, दोन महिन्यांचं झालं की इंजेक्शन. नवीन पक्षी तीन आठवडे वेगळा. लसीची बाटली बर्फातूनच आणायची, खिशात नाही.

दुपारचं ऊन (नागपूर)
मे महिन्यात चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून उभ्या असतात. कोंबडीला घाम येत नाही. कडुलिंबाखाली ओलं गोणपाट आणि मातीच्या पसरट भांड्यात पाणी, दिवसातून तीनदा बदलून. अंड्याचं कवच पातळ यायला लागलं तेव्हा जुनी टरफलं भाजून, चुरून दिली. अख्खी टाकू नका, अंडी फोडून खायची सवय लागते.

बर्फातली (न्यू जर्सी)
आमच्या गावात कोंबड्या चालतात, कोंबडा नाही. डिसेंबरात दिवस आखडला की अंडी बंद. शेजारी दिवा लावून चौदा तास उजेड देतात. मी देत नाही, घेऊ दे सुट्टी. रोज सकाळी गोठलेलं पाणी फोडायचं, एवढंच काम.

माडाखाली
म्हातारीचं राहिलंच की. बाबांचा नियम होता, जिला कापायची तिला नाव ठेवायचं नाही. ताई, तुम्ही नाव ठेवून बसलात.

उंबरा
रविवार झाला. सासूबाईंनी अर्धा किलो मटण आणायला सांगितलं. जाडी ओट्याखाली बसून होती.