टीम करून पक्षी मोजण्याचा उपयोग

दोघांनी मला विचारलंय की टीम करून दिवसभरात जास्तीत जास्त जाती मोजल्या, तर त्यात पक्ष्यांचं काय भलं होतं? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत न्यू जर्सीत १९८४ पासून चालणाऱ्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ बर्डिंग' या पक्षीनिरीक्षण स्पर्धेत टीम चोवीस तास फिरतात आणि दिसलेल्या जातींवर देणगीदारांकडून संवर्धनासाठी पैसे उभे करतात.

आपल्याकडे मला जास्त मोल वाटतं ते नोंदींचं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३' हा अहवाल तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या नोंदींवर उभा आहे. माळरानातले पक्षी किती झपाट्याने घटतायत, हे त्यातूनच आकड्यांनिशी समोर आलं. मात्र त्यासाठी कावळा, साळुंकी, पारवासुद्धा लिहायला हवेत. किती वेळ आणि किती अंतर फिरलो तेही. नुसत्या दुर्मीळ पक्ष्यांच्या यादीवरून वाढ-घट कळत नाही.

सासवडच्या माळावर आमच्या टीमला धाविक हा माळरानातला पक्षी दिसला. तुरुतुरु पळायचा, एकदम थबकायचा, वाकून मातीत चोच मारायचा. तो उभा राहिला की मातीत मिसळून जायचा, दुर्बिणीतूनही पुन्हा शोधावा लागायचा. खरं तर यादीत खूण करून पुढे पळायची घाई असते, पण आम्ही थांबलो, म्हणून जवळच बसलेली माळटिटव्यांची जोडी नजरेस पडली.

टीममध्ये एक तरी नवशिका घ्याच. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बाहेर काढायचं नाही, घरट्याजवळ जायचं नाही, हे निघण्याआधीच ठरवा.