पहिली हाफ मॅरेथॉन, ती पण साताऱ्याची, जमेल का?

घाटवेडी: आमच्या क्लबातल्या सगळ्यांनी सातारा हिल हाफला नाव घातलं म्हणून मीपण घातलं 😅 आत्तापर्यंत फक्त १० किमी पळलेय, १ तास ८ मिनिटांत, तेही सपाट रस्त्यावर. वाटेतल्या यवतेश्वर घाटाचं ऐकून पोटात गोळा येतोय. किती वेळ धरू? चढावर चाललं तर चालतं ना?

टेकडीकर: चालतं की, बिनधास्त चाल! तुझ्या १० च्या वेळेवरून सपाट रस्त्यावर हाफच्या २१.१ किमीला साधारण अडीच तास होतात, घाटाचे वरचे धर, म्हणजे पावणेतीन तासात आलीस तरी झकास. आणि लोक चढालाच घाबरतात पण खरी वाट लागते येताना, उतारावर. मी पहिल्या वेळी वर पोचल्यावर सुसाट सुटलो, शेवटच्या तीन किमीत मांड्या अशा भरल्या की दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरत होतो, बायको अजून नक्कल करून दाखवते. तेव्हा पुण्याच्या वेताळ टेकडीवर नुसतं चढू नको, उतरायची पण सवय कर, छोटी पावलं टाकत.

संथगती: +१. पायाची नखं आधीच काप, उतारावर बोटं बुटात पुढे आपटतात, माझं एक नख काळंनिळं होऊन पडलं. पावसात मोजे भिजणारच, व्हॅसलिन लाव. नवे बूट त्या दिवशी अजिबात नको.

घाटवेडी: अरे बापरे, बूट कालच घेतलेत 🙈 उद्यापासून घालून पळते.