घरच्या बिअरच्या तळाशी गाळ, मदत हवी आहे

मंडळी, मी मेलबर्नला असतो. इथे स्वतःपुरती बिअर घरी करायला परवानगी आहे, म्हणून हा उद्योग. १९ लिटर पेल एल (फिकट रंगाची एक बिअर) केली, लिटरमागे ६ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या, ३ आठवडे २० अंशांवर ठेवल्या. फेस झकास, चवही. पण तळाशी चांगला अर्धा बोट गाळ! बाटलीतच गॅस धरायचा म्हटल्यावर थोडं यीस्ट बसणारच, पण पहिला पेला नितळ आणि दुसरा थेट ताक. बाटल्या उभ्याच ठेवतो, न हिंदकळता ओततो, तरी.

पुढच्या वेळी बाटल्या भरण्याआधी बिअरचं पिंप २ दिवस २ अंशांवर ठेवू का, म्हणजे गाळ पिंपातच बसेल? मग गॅसपुरतं यीस्ट उरेल ना? गाळ बसवायला जिलेटिन नको, ते प्राण्यांपासून बनतं आणि बायको शाकाहारी आहे. उकळताना शेवटी आयरिश मॉस (बिअर नितळ करायला वापरतात ते समुद्री शेवाळ) कोणी घातलंय का?